लाभ

सायकल टाइम चार मिनिटं दहा सेकंद.
दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं,
मग शिरोली एमआयडीसीतल्या रात्रीला
माझी काही गरज नसते.
आत कुलंट उडत राहतं,
टूल आपलं आपण बदलतं,
काचेतला माझा चेहरा भिजतो, मी कोरडा.

म्हणून खिशातली खाण काढतो.
बोट टेकवलं की एक नाणं.
पन्नास नाण्यांना एक मजूर मिळतो,
तो आला की बोट उचललं तरी चालतं.
पिवळ्या टोपीचा, नखाएवढा,
खणतो, वाहतो, परत येतो,
चहा मागत नाही, उचल मागत नाही.
पाच मजुरांवर मुकादम,
दहा मुकादमांवर साहेब.
साहेबाचं नाव मी ठेवलंय नेर्लेकर.

तन्वीर वाकून बघतो.
"यात जिंकायचं काय असतंय लका?"
काही नाही.
"मग हरायचं?"
ते पण नाही.
तेच तर.

इथं दोन मायक्रॉन सरकले की जॉब लाल पेटीत
आणि पेटीच्या कागदावर माझी सही.
शैलाच्या बचत गटाच्या वहीत
आकडा महिन्यातून एकदा हलतो,
पुढंच हलेल असं नाही.
तिथं मात्र मी झोपलो तरी वाढतं.
सकाळी तावडे हॉटेलच्या चौकात उतरतो,
डोळे चुरचुरत फोन उघडतो, लिहून येतं :
तुम्ही नव्हता तेव्हा
चार कोटी जमा झाले.
चौतीस वर्षांत
माझ्या नसण्याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता.

कोटी संपले. अब्ज संपले.
मग खेळाकडचे शब्दच संपले,
आकड्यापुढं नुसती अक्षरं यायला लागली,
ए ए, ए बी, एसटीच्या नंबरप्लेटसारखी.
आण्णांना विचारलं, अब्जाच्या पुढं काय?
ते खाटेवर उठून बसले,
मार चुकवणाऱ्या पोरासारखे ताठ,
खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी,
अंत्य, मध्य, परार्ध.
एका दमात.
आणि दम लागला.

आण्णा शाहूपुरीत गुळाच्या अडतीत तोलार.
तीस किलोचा रवा काट्यावर, काट्यावरनं खाली,
हे चाळीस वर्षं.
पहिल्याला कधी एक म्हटलं नाही.
लाभ, म्हणायचे. लाभ, दोन, तीन.
लहानपणी विचारलं होतं, एक का नाही?
"एक म्हंजे एकटा. त्याच्यामागनं कोण यायचं?"

आता रेशनच्या मशीनला त्यांचा अंगठा लागत नाही.
रेघाच गेल्यात.
दुकानदार ओला कर म्हणतो, पूस म्हणतो,
मागची रांग उसासे टाकते.

रविवारी फोन त्यांच्या हातात दिला.
दिला म्हणजे, मी दाढी करत होतो, त्यांनी घेतला.
खेळात एक बटण आहे,
सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं,
बदल्यात पुढची कमाई दुप्पट.
तीन आठवडे माझं बोट त्याच्यावर घुटमळत होतं.
आण्णांचा अंगठा घुटमळला नाही.
सात महिने, नऊशे मजूर, नेर्लेकर,
सगळं गेलं.
तोंडाला फेस तसाच, मी धावत आलो,
ओरडणार होतो.

रिकाम्या खाणीवर त्यांनी अंगठा टेकवला.
नाणं पडलं.
ना ओला कर म्हणालं कुणी, ना पूस.
"लाभ," आण्णा म्हणाले.
मग दोन. मग तीन.
अठ्ठावन्नपर्यंत मी तसाच उभा,
फेस वाळत होता गालावर.

काल रात्री दहाला शैलाच्या फोनवरनं त्यांचा फोन.
वाटलं, छातीत दुखतंय.
"आरं, त्यो तुझा नेर्लेकर आला का न्हाई परत?"
आलाय, म्हटलं.
"पगार किती देतोस?"
काहीच नाही.
जरा वेळ नुसता श्वास.
मागं मशीनचं दार उघडायला आलं होतं.
"मजुरांस्नी तरी दे कायतरी," म्हणाले,
आणि फोन कसा ठेवायचा ते
शैलाला विचारू लागले.